जॅक लावण्याआधी जरा वाकून बघ

अगं, फोनवर तू अगदी सहज म्हणालीस, "ताई, यापुढे स्टेपनी मीच बदलणार, अंगणातच तर गाडी असते." बदल की! त्यात बाईमाणसाला न जमण्यासारखं काही नाही. फक्त हौसेच्या भरात गाडीचा पत्रा चेपू नकोस आणि हातपाय शाबूत ठेव, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट अंगणाची. चिपळूणच्या पावसात तुमची ती लाल माती वरून घट्ट दिसते, पण जॅकचा तळ केवढा, जेमतेम तळहाताएवढा. गाडीचा भार आला की तो बघता बघता आत रुततो आणि तिरका होतो. पेव्हर ब्लॉकचंही तेच, एखादा सुटा ब्लॉक डुगडुगतो. शक्यतो गाडी सपाट काँक्रीटवर घे. नाहीच जमलं तर जॅकखाली जाड प्लायचा चांगला रुंद तुकडा ठेव; तो कायम डिकीतच असू दे. उतारावर मात्र जॅक लावायचाच नाही.

आता हँडब्रेक. तुझ्या गाडीत तो मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनची ओढ पुढच्या चाकांना असते. त्यामुळे पुढचं एक चाक उचललंस की गिअरचा भरवसा संपला. उचललेलं चाक मोकळं फिरतं, आणि मग जमिनीवरचं दुसरंही गिअर अडवू शकत नाही. गाडी ऑटोमॅटिक असती तरी 'पी'ची हीच गत. म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढ, गिअर टाक, आणि जे चाक काढायचंय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव. गाडीत कुणालाही बसू देऊ नकोस. तुझी लेक तर मागच्या सीटवर उड्या मारते!

खरं नुकसान होतं ते जॅक कुठे लावला यावरून. खाली वाकून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून दाराच्या उंबऱ्याखाली बघ. पत्र्याची एक उभी कड खाली आलेली दिसेल. पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे त्या कडेवर प्रत्येक ठिकाणी दोन-दोन खाचा असतात, काही गाड्यांत नुसती खूण असते. त्या दोन खाचांमधली जागा जाड पत्र्याने मजबूत केलेली असते. जॅकच्या डोक्यावर जी खोबण आहे, तिच्यात ही कड बरोबर बसली पाहिजे. एक वीत इकडेतिकडे झालं तर कड मुडपते, रंग फुटतो, आणि कोकणातल्या हवेत त्या फटीतून गंज किती लवकर चढतो ते तुला मी सांगायला नको. इंजिनखालची तेलाची टाकी, सायलेन्सरचा पाइप, बाजूची प्लॅस्टिकची पट्टी, सपाट तळ, यातल्या कशालाही जॅक लावू नकोस. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तळाशी बॅटरीच असते, तिथे चुकून टेकवलास तर काम महागात जातं. गाडीच्या पुस्तकात जागा चित्रासकट दिलेली असते. आपण खंडेनवमीला गाडीला हार घालतो, पण ते पुस्तक काही उघडत नाही.

जॅक कडेला टेकेपर्यंत हातानेच फिरव आणि थांब. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा अर्धा फेरा सैल कर, कारण चाक अधांतरी झाल्यावर जोर लावलास तर गाडीच हलेल. मग उचल. चाक सुटेल एवढंच उचलायचं, पण हवा भरलेली स्टेपनी बसलेल्या टायरपेक्षा उंच असते, तेव्हा थोडी जागा जास्त ठेव. बसवायची स्टेपनी आधीच बाहेर काढून उंबऱ्याखाली आडवी सरकवून ठेव. जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल, तुझ्या पायावर नाही. चाक गंजून चिकटलं असेल तर ओढाताण नको. नट हाताने परत लाव, गाडी खाली घे, टायरला बाजूने लाथ घाल, मग पुन्हा उचल.

आणि हे तुझ्या अहोंना वाचून दाखव: गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. चिखल धुवायला नाही, घरंगळलेला नट काढायला हातही घालायचा नाही. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली काम करायचंच असेल तर गॅरेजात असतात तसे लोखंडी स्टँड हवेत. कुंपणाचे उरलेले चिरे रचून त्यावर गाडी टेकवायची जी कल्पना त्यांनी मागे बोलून दाखवली होती ना, ती विसरायला सांग. चिरा भिंतीत भार घेतो, पण एका टोकावर दाब आला की कधी भुगा होईल नेम नाही.

बसवताना नटांची निमुळती बाजू चाकाकडे. आधी सगळे हाताने, मग एक सोडून एक असे समोरासमोरचे आवळ. पक्के मात्र गाडी खाली आल्यावर. पान्यावर उभी राहून आवळू नकोस, बोल्टचे आटे जातात. शेपन्नास किलोमीटर झाले की एकदा पुन्हा पाना लावून बघ. स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळ, बहुतेकदा 80 असतो.

महिन्यातून एकदा हवा भरताना स्टेपनीतही भरून घे. आणि जॅक परत ठेवताना पूर्ण मिटवून त्याच्या जागी घट्ट अडकव, नाहीतर परशुराम घाटात प्रत्येक वळणाला डिकीत खडखड करेल आणि अहो पुन्हा गाडीखाली डोकावत बसतील.