उचलता येईल एवढीच

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून इंग्लंडात डर्बीला येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा वर्षं सवड मिळेल त्या रविवारी मी मोटरसायकल घेऊन ग्रीन लेनवर जातो. ग्रीन लेन म्हणजे डांबर न पडलेला जुना सार्वजनिक रस्ता. एके काळी घोडागाड्या आणि गुरांचे कळप याच वाटांनी जायचे. दोन्ही अंगांना दगडी गडगे किंवा झुडपांचं कुंपण, मधे चाकोऱ्या, चाकोऱ्यांत साचलेलं पाणी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनात एकच शब्द आला: पाणंद. आमच्या शेताकडे जायची वाट हुबेहूब अशीच. या वाटांसाठी गाडी निवडताना आणि नंतर तिच्यावर पैसे घालताना जे कळत गेलं, ते इथे सांगतो.

१. गाडीच्या माहितीपत्रकातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मी वाचलीच नव्हती. ती होती वजनाची. माझी पहिली गाडी मोठी ‘ॲडव्हेंचर’ गाडी होती, सव्वादोनशे किलोच्या घरातली. घेताना ताकद पाहिली, रंग पाहिला, हप्ता पाहिला. मग एका फेब्रुवारीत बेकवेलच्या पुढच्या एका लेनमध्ये पुढचं चाक चाकोरीत घसरलं आणि गाडी सावकाश आडवी झाली. वेग चालण्याइतकासुद्धा नव्हता, मला खरचटलंही नाही. पण ती उभी राहीना. हँडल धरून उचलायला गेलो तर बूट घसरले. पाठ लावून ढकलली तर गाडी माझ्यासकट चिखलात सरकली. चौथ्या वेळी हात थरथरायला लागले, तसा गडग्यावर टेकलो. चाळीस मिनिटांनी एक शेतकरी कुत्र्याला घेऊन आला, तेव्हा दोघांनी मिळून ती उभी केली. एकट्याने रानात जायचं तर गाडी किती पळते याला फारसा अर्थ नाही. ती पडल्यावर, दमलेल्या अंगाने, तिसऱ्यांदा उचलता येते का, हे बघायचं. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सांगितलं, ही गाडी विकायची.

२. छोटं इंजिन म्हणजे तडजोड, हा समज एका एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी माझ्या मनातून काढला. ते यामाहाची जुनी सेरो चालवतात. सेरो म्हणजे जपानच्या डोंगरात राहणारा, शेळीच्या कुळातला एक प्राणी. यामाहाने या नावाची गाडी १९८५ साली काढली, २२३ सीसीची, कोरडं वजन एकशेदहा किलोच्या आसपास. इंग्लंडात अशा कितीतरी सेरो जपानहून वापरलेल्या म्हणून आल्या. डर्बीशायरच्या एका ओल्या दगडी चढावर आम्ही तिघं तरुण अडकलो होतो, आणि हे आजोबा दोन्ही पाय जमिनीला हलके टेकवत, पहिल्या गिअरमध्ये, एकाच लयीत वर निघून गेले. वर जाऊन त्यांनी गाडी बंद केली आणि आमची वाट पाहत फ्लास्कमधला चहा ओतला. मी विचारलं, एवढ्याशा इंजिनावर कसं जमतं? ते म्हणाले, इथे ताकद जास्त झाली की चाक फिरतं, गाडी पुढे जात नाही. ते वाक्य मी पुढे प्रत्येक खर्चाच्या वेळी आठवलं.

३. उंची कागदावर वाचून कळत नाही. बसून बघावी लागते, तीही बुटांसकट. माझी उंची पाच फूट सहा इंच. होंडाची सीआरएफ २५०एल सुमारे १४४ किलोची, सीट ८७५ मिलिमीटरवर. २०२१ मध्ये आलेली ३००एल १४२ किलोची, २८६ सीसीची, सीट ८८० वर. आकडे जवळजवळ सारखेच, पण माणूस बसल्यावर गाडी किती दबते, सीट मांड्यांत किती रुंद आहे, यावर पाय पोहोचणं ठरतं. शेवटी मी याच वर्गातली अडीचशे सीसीची सेकंडहँड गाडी घेतली. शॉकअप खाली करून तिची उंची कमी करण्याचा मोह झाला होता. तो टाळला, कारण त्याने जमिनीपासूनचं अंतर कमी होतं आणि इंजिनाचं पोट दगडावर आदळतं. त्याऐवजी सीट शिवणाऱ्याकडून फोम अडीच सेंटिमीटर कापून घेतला. एक पाय नीट टेकला की पुरतं. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात हा हट्ट सोडल्यावर चांगल्या गाड्यांची यादी एकदम वाढली.

४. पहिले पैसे मी चुकीच्या ठिकाणी घातले, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. मूळ सायलेन्सर जड होता म्हणून मी बाजारातला हलका, मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. दोन-तीन किलो वाचले. महिन्याभरात एका लेनच्या वळणावर समोरून घोड्यावर बसलेल्या एक बाई आल्या. मी लगेच इंजिन बंद केलं, पण आवाज त्याच्या आधीच पोहोचला होता. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, फिरला, कुंपणाला घासला. बाई पडल्या नाहीत हे नशीब. घोडा शांत झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, ही लेन बंद करायची मागणी झाली तर मी सही करीन. मला त्यांचं एक अक्षरही खोडता आलं नाही.

इथे हे समजून घ्यायला हवं की या वाटा आपल्याला कायमच्या मिळालेल्या नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या एका कायद्याने असंख्य जुन्या वाटांवरचा मोटार वाहनांचा हक्क संपला. आमच्या जवळच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये चॅपल गेट आणि स्टॅनेजखालची लाँग कॉजवे या दोन नावाजलेल्या वाटा त्यानंतर वेगळ्या आदेशांनी बंद झाल्या. उरलेल्यांपैकी ज्या वाटा सर्व वाहनांना खुल्या आहेत, त्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर हिरव्या अधिक-चिन्हांच्या रांगेने दाखवतात. त्यावरही विसंबून चालत नाही, शेवटचा शब्द काउंटीच्या अधिकृत नोंदीचा. त्या आठवड्यात मी मूळ सायलेन्सर परत चढवला. जास्तीचे दोन किलो मी आनंदाने वाहतो. घोडा दिसला की थांबायचं, इंजिन बंद करायचं, हेल्मेटची काच वर करून तोंडाने बोलायचं. माणसाचा आवाज ऐकला की घोडा शांत होतो.

५. टायर. सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक पडला तो इथे. रस्त्याला कायदेशीर असलेले, पण मोठ्या गुट्ट्यांचे टायर घातले आणि लेनवर हवा १४-१५ पीएसआयपर्यंत उतरवली. तीच गाडी, तोच मी, पण ओल्या गवतावर पुढचं चाक जिथे दाखवावं तिथे जायला लागलं. हवा एवढी कमी ठेवायची तर टायर रिमला आवळून धरणारी क्लॅम्प बसवावी लागते, नाहीतर टायर फिरून ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. घरी डांबरावरून परतताना मी पंपाने पुन्हा हवा भरतो. दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

६. चेनचं पुढचं चक्र १४ दात्यांचं होतं, ते १३ चं केलं. मागे ४० तेच. गिअर साधारण आठ टक्क्यांनी छोटे झाले आणि पहिला गिअर चालण्याच्या वेगाला क्लच न दाबता ओढायला लागला. मोठ्या रस्त्यावर इंजिन थोडं जास्त ओरडतं. एवढंच.

७. गाडी माझ्यासाठी बनलेली नसते, हे मला शिवणाच्या टेपने दाखवलं. खड्ड्यात पुढचा भाग बुडायचा आणि मला वाटायचं, माझंच चालवणं कच्चं आहे. एका जाणकाराने सांगितलं, आधी मोजून बघ. मागचं चाक उचलून धरलं, आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत बायकोने आपल्या शिवणकामाची टेप लावली. मग मी बूट, हेल्मेट, पाठीवरची पाण्याची पिशवी, सगळं चढवून गाडीवर बसलो, आणि तिने परत मोजलं. ‘एकशे दहा मिलिमीटर खाली आलीये,’ ती म्हणाली. मागच्या चाकाचा पूर्ण प्रवास होता दोनशे चाळीस. त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे ऐंशीच्या आसपास बसायला हवी. म्हणजे मी खड्ड्यात शिरायच्या आधीच शॉकअपने आपली जवळजवळ अर्धी ताकद माझं वजन पेलण्यात घालवलेली असायची. साहित्यासकट माझं वजन ८८ किलो. त्या हिशोबाने मागची आणि पुढची, दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. तेव्हा बायको टेप गुंडाळत म्हणाली, ‘मापाशिवाय ब्लाउजसुद्धा कुणी शिवत नाही, आणि तू दोन वर्षं हीच गाडी तशीच चालवतोयस.’ मला उत्तर सुचलं नाही. आता प्रत्येक नव्या मित्राला मी पहिल्यांदा हेच सांगतो: काही विकत घ्यायच्या आधी मोजा.

८. काही चांगल्या सुधारणा फुकट असतात. क्लच आणि ब्रेकचे दांडे जरा खाली झुकवले की उभं राहून चालवताना मनगट सरळ राहतं. दांड्यांचे बोल्ट थोडे सैल ठेवले तर गाडी पडल्यावर ते फिरतात, तुटत नाहीत. विकत घेतलेल्या वस्तूंपैकी हातांपुढचे ॲल्युमिनियमचे गार्ड आणि इंजिनाखालची जाड प्लेट या दोनच मी कधी काढणार नाही. आणि खिशात एकवीस इंची ट्यूब. अडचणीच्या वेळी ती मागच्या अठरा इंची चाकातही घरापर्यंत चालते. अठराची ट्यूब पुढच्या चाकाला उपयोगी पडत नाही.

९. सुधारणा करता करता गाडी परत जड होते, आणि हे कुणी सांगत नाही. तीन वर्षांनी मी घरातले वजनाचे दोन काटे आणले, एकेका चाकाखाली ठेवले आणि बेरीज केली. १५३ किलो. मूळ गाडीपेक्षा नऊ किलो जास्त! मागचा रॅक, फोनचा चार्जर, टाकीभोवतीचे लोखंडी बार, हत्यारांची दुसरी पिशवी. प्रत्येक वस्तू घेताना ती गरजेची वाटली होती. त्या दुपारी गॅरेजच्या फरशीवर सगळं काढून मांडलं आणि एकेका वस्तूला विचारलं, गेल्या वर्षात तू मला किती वेळा घरी आणलंस? रॅक आणि बार परत चढले नाहीत. हलकी गाडी घेऊन भागत नाही, ती हलकी ठेवावीही लागते.

१०. वडील दोन वर्षांपूर्वी आले होते, तेव्हा त्यांना मिड वेल्सला नेलं. तिकडच्या कितीतरी जुन्या वाटांनी पूर्वी गुरं हाकणारे लोक वेल्सची जनावरं इंग्लंडच्या बाजारांत न्यायचे, आठवडे-आठवडे चालत. खडीच्या रस्त्याने खूर झिजू नयेत म्हणून त्या गुरांना लोखंडी नाल मारायचे, हे मी वडिलांना सांगितलं. ते उभे राहिले. ‘म्हणजे पत्री,’ ते म्हणाले. आमच्या बैलांना पत्री मारायला माणूस यायचा, बैलाला आडवा पाडून पाय बांधायचे, लहानपणी मी ते लांब उभा राहून बघायचो. वडील वाकले आणि चाकोरीतली माती चिमटीत घेऊन बघायला लागले. मग विचारलं, ‘ही वाट कुणी नांगरत कसं नाही?’

आमच्या गावची पाणंद गावनकाशावर अजून आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या शेतांनी दर वर्षी एकेक तास नांगराने आत घेत घेत ती बैलगाडीची राहिली नाही, पायवाट झाली. आता ऊस बाहेर काढायचा तर शेजाऱ्याच्या विनवण्या कराव्या लागतात. वडिलांनी त्यासाठी तहसील कार्यालयाचे खेटे घातलेत. म्हणून त्यांचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. इथे वाट टिकली ती लोकांनी तिचा वापर सोडला नाही म्हणून, आणि वापरणाऱ्यांनी तिला ओरबाडलं नाही म्हणून. पावसाने भिजून मऊ झालेली लेन दिसली की मी आता गाडी वळवतो. चाकाने उकरलेली माती परत बसायला पुढचा उन्हाळा लागतो. गेट उघडं असेल तर उघडं सोडतो, बंद असेल तर उतरून बंद करतो. त्या दिवशी परतताना शेवटचं गेट वडिलांनी लावलं आणि कडी बसली का, ते दोनदा हलवून पाहिलं.

तुम्ही अशी गाडी बघायला जाल, मग ते डर्बीला असो की पाटणला, तर मालकाला विचारून ती गवतावर अलगद आडवी करा आणि एकट्याने उचला. लगेच पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळीही उचलली गेली, तरच पैशांचं बोला.