भोवळ आणि अंतर्कर्णाची परीक्षा

निफाड तालुक्यातील सायखेडा हा गोदाकाठचा द्राक्षांचा परिसर. मंडपाखाली मान वर करून मण्यांची विरळणी करणारी एखादी व्यक्ती एकाएकी भोवंडून खाली बसली, तर ‘पित्त’ वा ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईनची मागणी होते. परंतु वर पाहताना, कूस बदलताना किंवा अंथरुणातून उठताना काही सेकंदच सारे गरगरत असेल, तर दोष बहुधा अंतर्कर्णात असतो. तेथील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण आपल्या जागेवरून निसटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. डोके हलले की त्यांच्यामुळे नलिकेतील द्रव हलतो आणि मेंदूकडे खोटी वर्दी जाते.

याची परीक्षा डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णिली. रुग्णाचे डोके ४५ अंश एका बाजूस वळवून त्यास झटकन उताणे निजवितात. डोके खाटेच्या कडेखाली किंचित झुकते. काही क्षणांत बुबुळे विशिष्ट दिशेने थरथरू लागतात आणि बहुधा मिनिटभरात स्थिरावतात. रुग्ण भीतीने डोळे मिटतो. ते उघडे ठेवविणे हीच यातील मेख! खाट आणि जाणती नजर एवढ्यावर हे भागते. कानात थंड व कोमट पाणी सोडून करावयाची परीक्षा मुख्यतः आडव्या नलिकेची असते. कण बहुधा मागील नलिकेत असल्याने ती निर्दोष येऊनही भोवळ राहू शकते.

निदान झाल्यावर, एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने वळवून कण नलिकेबाहेर काढता येतात. मानेचे दुखणे असणाऱ्यांवर हा प्रयोग घरी करू नये. भोवळीसोबत बोबडी वळणे, दुहेरी दिसणे वा हातपाय लुळे पडणे आढळल्यास रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे.