भोकरदन म्हणजे नक्की कुठे?

शाळेत (माझी कॉन्व्हेंट) वेलिंग्टन म्हणजे १८१५ चं वॉटर्लू, एवढंच आम्ही पाठ केलं. हाच आर्थर वेलस्ली त्याआधी आपल्या जालना जिल्ह्यात असईला लढला, तेही अर्धवट बातमीवर, हे मला इथे हॉस्टेलवर आल्यावर कळलं.

साल १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ येऊन थांबल्या होत्या. निजाम इंग्रजांचा दोस्त. फौज मागे न्या, असा इंग्रज वकील कॉलिन्सचा तगादा होता. बोलणी फिसकटली, ३ ऑगस्टला कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला आणि लढाई जुंपली.

शत्रू कुठे आहे हे सांगायचे हरकारे, म्हणजे पायी बातमी आणणारी माणसं. त्यांनी सांगितलं, मराठे भोकरदनला आहेत. म्हणून वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी जाऊन २४ सप्टेंबरला एकत्र हल्ला करायचं ठरवलं. पण भोकरदन हे गावाचं नाव, तसंच भोवतालच्या मुलखाचंही! छावणी थेट असईपर्यंत पसरली होती. २३ लाच शत्रू काही मैलांवर निघाला आणि स्टीव्हन्सन लांब राहिला.

हरकारे खोटं बोलले नव्हते. आपल्याकडेही कुणी नुसतं 'मांजरी' म्हटलं तर बुद्रुक की खुर्द, हे विचारावंच लागतं. मध्ये मुळा-मुठा आहे. लॅबमध्ये युनिट नसलेलं रीडिंग सर कापतात, ते याचसाठी.

पुढची गोष्ट उलटी आहे. वाटाडे म्हणाले, केळणा नदीला इथे उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. मग माणसं ये-जा करत असणारच! उतार निघाला. तो जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि कितीतरी मराठा गोलंदाज तोफांपाशीच पडले.

मित्रांनो, आज २०१९ च्या कार्टोसॅट-३ ला वरून पाव मीटरच्या आसपासचे बारकावे दिसतात. तरी ट्रक दिसला म्हणजे त्याचा हेतू दिसला असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांना लष्करी हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं होतं. मोबाईल असलेले आपण सगळेच आता हरकारे. तेव्हा सरहद्दीची बातमी आली की आधी विचारा: कुठली जागा, कधीची, पाहिली कुणी? आणि सोलापूर रोडवरून लष्कराच्या गाड्या जाताना दिसल्या, तर फोटो कुणाला पाठवू नका.