गॅस भरण्याआधी

बाळा, मार्च लागला की बारामती काय आणि इंदापूर काय, गिऱ्हाइकाचं एकच म्हणणं, "कूलिंग येईना, गॅस भरून द्या." तू लगेच गेज लावू नकोस. आधी गाडीत बस आणि एसी कुठल्या जातीचा आहे ते बघ. निळ्या-लाल पट्टीचा साधा नॉब असेल, तर त्या गाडीत केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर बहुधा नसतोच. पडद्यावर २२, २४ असा आकडा आणि शेजारी 'ऑटो'चं बटण असेल, तर पुढचं ऐक.

तापमान खाली खाली नेत 'लो'वर आण. बहुतेक गाड्या लोवर केबिनच्या सेन्सरचं ऐकत नाहीत, जमेल तेवढं गार करत राहतात. लोवर हवा कडक गार येते आणि २४ वर ठेवलं की केबिन तापलेली असूनही ब्लोअर मंदावतो, तर गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करतायत. सेन्सर गाडीला "गार झालं" असं खोटं सांगतोय. याच्या उलट, माणसं कुडकुडायला लागली तरी ब्लोअर खाली येत नसेल, तर सेन्सर "अजून गरम आहे" म्हणतोय. अशा गाडीत गॅस ओतलास तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि गॅस जास्त झाला तर प्रेशर चढून कूलिंग आणखी पडतं. उसाचं बिल आल्यावर दुरुस्तीला येणारी आपली माणसं, त्यांचा रुपया असा घालवायचा नाही.

आता जाळी शोध. स्टिअरिंगजवळ किंवा एसीच्या बटणांशेजारी रुपयाएवढी बारीक जाळी असते, तिच्यामागे सेन्सर. नुसता सेन्सर असून भागत नाही, त्याच्यावरून केबिनची हवा सतत ओढली जावी लागते. काही गाड्यांत त्यासाठी चिमुकला पंखा असतो, काहींत एसीच्या पेटीपर्यंत गेलेली बारीक नळी. ब्लोअर चालू करून टिश्यू पेपरचा कपटा जाळीवर धर. चिकटला तर ओढ आहे. पडला तर सेन्सर डॅशबोर्डच्या पोटातली कोंडलेली, तापलेली हवा मोजतोय, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

आपल्या भागात जाळी तुंबणं फार होतं. ऊसतोड सुरू झाली की पाचटाची काजळी, ट्रॉल्यांमागची धूळ, शिवाय संत तुकाराम महाराज पालखी मार्गाचं काम निघालं तेव्हा सणसर, निमगाव केतकीच्या बाजूला उडालेला फुफाटा, हे सगळं त्या जाळीत जाऊन बसतं. त्यावर वॉशिंगवाल्याने डॅशबोर्डला पॉलिश फवारलं की त्याचा थर धरतो. मऊ ब्रशने झाड, हलक्या व्हॅक्यूमने ओढ. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नकोस, आतला सेन्सरचा मणी नाजूक असतो. वस्तीवर उसाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत ती नळी आणि वायर उंदरांनी कुरतडलेली नाही ना, हेही बघ.

माझा सगळ्यांत भरवशाचा उपाय पहाटेचा आहे. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेव. सकाळी इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करून स्कॅनर लाव आणि केबिन, बाहेरची हवा, कूलिंग कॉइल असे तिन्ही आकडे वाच. रात्रभर सगळं एकाच हवेत थंडावलेलं असतं, म्हणून तिन्ही दोन-तीन अंशांच्या आत जुळले पाहिजेत. जो एकटा वेगळं बोलतो तो धर. उणे ४०च्या आसपास आकडा दिसला तर बहुधा वायर तुटली आहे किंवा कपलर निघालाय. मात्र काही गाड्या बिघाड कळला की स्वतःच एखादा ठरावीक आकडा धरून चालतात, म्हणून बिघाडाचा कोडही वाच.

मग मल्टीमीटर. पॅनल काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांब, आणि पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा. सेन्सर बाहेर आला की रेझिस्टन्स बघ. बरेच सेन्सर २५ अंशांना दोनेक किलोओहमच्या घरात असतात, पण खरा आकडा त्या गाडीच्या तक्त्यातलाच. तू चाल बघ. मुठीत धरला की रेझिस्टन्स सावकाश उतरला पाहिजे. पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात सोडला की २५ अंशांच्या साधारण तिप्पट चढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर तो गेला. सेन्सर चांगला निघाला तर बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून कपलरवर ५ व्होल्ट येतात का ते बघ. येत नसतील तर वायर तपास, पिनांवर हिरवा गंज शोध. चार वायरींचा कपलर असेल तर त्यातल्या दोन बहुधा पंख्याच्या असतात, त्या आपसात जोडायच्या नाहीत.

कूलिंग कॉइलच्या सेन्सरची तक्रार निराळी असते. बारामतीहून निघताना एसी छान, लासुर्ण्याच्या पुढे गेल्यावर हवा कमी कमी होत जाते, इंदापुरात थोडा वेळ थांबलं की खालून भरपूर पाणी गळतं आणि एसी पुन्हा ठीक. कॉम्प्रेसर वेळेवर कट होत नाही, कॉइलवर बर्फ धरतो. त्यासाठी केबिनचा सेन्सर बदलू नकोस.

डॅशबोर्डच्या वर, काचेजवळ एक काळा मणी असतो, तो ऊन मोजतो. त्याच्यावर गणपतीची मूर्ती किंवा मखमलीचं कापड आलं असेल तर मालकाला आदराने सांगून, त्यांच्याच हातून मूर्ती जरा बाजूला ठेवून घे. शेडच्या अंधारात काही गाड्या या मण्याचा कोड उगाच दाखवतात, म्हणून गाडी उन्हात काढून पुन्हा वाच.

काम झालं की कोड पुसून टाक, २४ वर ठेवून भिगवणपर्यंत एक फेरी मार आणि सकाळचे तिन्ही आकडे गाडीच्या नंबरासमोर वहीत लिही. सेन्सर बदलला असेल तर काढलेला मालकाच्या हातात दे आणि मुठीत धरल्यावर मीटर कसा उडी मारतो ते त्यांना दाखव.