गादीवर मुतणारी मांजर सूड उगवत नाही

‘थे मुद्दामून करते, डॉक्टरसायेब.’ मूर्तिजापुरात मांजर घेऊन दवाखान्यात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. मांजर गादीवर मुतते, पाहुण्याला बोचकारते, रात्रभर ओरडते, आणि घरातल्यांची खात्री झालेली असते की ती आपल्यावर राग काढते आहे. वाचकहो, मांजर सूड उगवत नाही. तिला काहीतरी दुखत असतं, कशाची तरी भीती वाटत असते, नाहीतर तिच्या गरजेची वस्तू घरात नसते. म्हणून ‘वाईट सवय’ म्हणून आलेलं मांजर मी आधी आजारी समजूनच तपासतो.

सगळ्यात जास्त तक्रार लघवीची, म्हणून तिथेच थोडं सविस्तर बोलतो. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. कमी पाणी पिऊन भागवायचं आणि लघवी घट्ट करायची, ही त्याच्या शरीराची जुनी रीत आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात खायला नुसते कोरडे दाणे असले की मूत्राशयाला सूज येते, खडे होतात. सुजेमुळे लघवीला जळजळ होते. दुखणं नेहमीच्या जागेमुळेच होतं असं मांजराला वाटतं आणि ते ती जागा सोडून थंड फरशी, मोरी किंवा मऊ अंथरूण शोधतं. घराची रंगरंगोटी, नवं मांजर, लग्नाची गर्दी अशा ताणानेही ही सूज येते.

बोक्याच्या बाबतीत यात जीवाचा धोका आहे. त्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती खड्याने किंवा चिकट गाळाने बंद होते. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, सारखा मागचा भाग चाटतो आणि लघवीचा थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाही, म्हणून एरंडेल पाजतात. एक-दोन दिवसांत विष रक्तात चढून असा बोका दगावतो. ही लक्षणं रात्री दिसली तर सकाळची वाट पाहू नका. इथे सोय झाली नाही तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचा दवाखाना गाठा, रेल्वेने ते तासाभराच्या आतलं अंतर आहे.

तपासणीत शरीर ठीक निघालं, तर मग घराकडे पाहायचं. जुन्या मातीच्या घरांना अंगण होतं, गोठा होता, परसात भुसभुशीत माती होती. मांजराला उकरून, विधी करून, झाकायला जागा मिळत असे. आता स्लॅबची घरं झाली, आत टाईल्स आणि बाहेर गट्टू. उकरण्यासारखं मऊ असं काय उरलं? गादी, धुण्याचा ढीग, आणि आपल्या भागात भाव वाढेल म्हणून खोलीत भरून ठेवलेला कापूस. कापसाच्या गंजीवर मांजर बसलं की शेतकऱ्याचा जीव कळवळतो, ते मी समजू शकतो. पण मांजराच्या पंजाला तो ढीग म्हणजे उत्तम जागा वाटते. त्या खोलीचं दार बंद ठेवा आणि मांजराला त्याची जागा द्या.

ही जागा महाग नसते. प्लास्टिकचा पसरट टब किंवा जुनं घमेलं घ्या, त्यात दोन-तीन इंच बारीक कोरडी रेती घाला. घरात जितकी मांजरं, त्याहून एक टब जास्त ठेवा. जेवणाच्या ताटलीपासून लांब, वर्दळ आणि कुलरचा घरघराट नसलेल्या कोपऱ्यात तो असावा. घाण रोज काढावी आणि रेती वरचेवर बदलावी. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, त्याच्यासाठी टबाची कड एका बाजूने कापून ठेंगणी करा. पावसाळ्यात बाहेर चिखल झाला की आजवर बाहेर जाणारं मांजरही घरात करू लागतं, तेव्हा हा टब जूनमध्येच तयार असू द्या.

जिथे मुतलं तिथे फिनाईल ओतू नका. फिनाईलमधल्या घटकांचा मांजराचं यकृत नीट निचरा करू शकत नाही, पायाला लागलेलं चाटूनही विषबाधा होते. मांजरांच्या घरात काळं फिनाईल मुळीच नको. अमोनियाचा वास असलेलं द्रावणही टाळा, तो वास लघवीच्या जवळचा असल्याने मांजर पुन्हा तिथेच येतं. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर पाण्यात कालवून जागा धुवा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि वाळू द्या.

बसून न करता उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा कपाटावर पिचकारी मारणं हा वेगळा प्रकार आहे. ती हद्दीची खूण. वयात आलेले बोके ती करतात, कधी मांजरीही करतात. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांमध्ये हे थांबतं, आणि सवय जुनी होण्याआधी केली तर अधिक खात्रीने थांबतं.

आता चोरीबद्दल. ‘आमची मांजर कितीही दिलं तरी शेजारच्यांच्या घरातली मासळी पळवते,’ असं सांगणाऱ्या घरी मी विचारतो, तिला देता काय? उत्तर ठरलेलं: दूध-पोळी. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, आणि तो मांस-मासळीतच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. गेलेली दृष्टी परत येत नाही. अशी मांजर ठेचकाळते, दचकते, हात लावला की अंगावर येते, आणि घरचे म्हणतात ती चिडकी झाली. शिवाय मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही, जुलाब होतात. शाकाहारी घरात मांजर पाळणाऱ्यांचा मी आदर करतो. त्यांनी स्वयंपाकघर बाटवायची गरज नाही, मांजरांसाठीचं टॉरिनयुक्त तयार खाद्य दुकानात मिळतं. कुत्र्याचं खाद्य मात्र चालत नाही. शक्य असेल तर ओलं खाद्य द्या आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची पसरट भांडी ठेवा.

चावण्या-बोचकारण्याची मुळं पिलाच्या वयात असतात. पिलू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांच्या हाताची ओळख झाली नाही, तर मोठेपणी ते बुजरं राहतं. आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडलेल्या पिलाला किती जोरात चावावं हे कळत नाही. पोरं बोटं नाचवून त्याच्याशी खेळतात, तेव्हा बोट म्हणजे शिकार हे आपणच त्याला शिकवत असतो. खेळायला काठीला बांधलेली चिंधी द्या. कुरवाळताना शेपूट आपटू लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली, की हात काढून घ्या. खिडकीतून परका बोका दिसला म्हणून खवळलेली मांजर घरातल्याच माणसावर झेप घेते. तेव्हा तिला उचलायला जाऊ नका, अंधाऱ्या शांत खोलीत एकटी राहू द्या. मारलं तर ती शिकत नाही, फक्त तुम्हाला घाबरू लागते.

गरीब मांजर एकाएकी विनाकारण हल्ला करू लागली, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर रेबीजची शंका घ्या आणि तिला हात लावू नका. मांजर चावली किंवा नख लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात जाऊन लस सुरू करा आणि ठरलेली प्रत्येक मात्रा घ्या. घरच्या मांजरालाही तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, पुढच्या मात्रा चुकवू नका.

मांजर शांत व्हावी म्हणून माणसाची झोपेची गोळी किंवा तापाची गोळी देणारेही भेटतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. घरातली कोणतीही गोळी नको.

सोफा ओरबाडणं हा रोग नाही. नखं साफ करणं, अंग ताणणं आणि खूण ठेवणं ही तिची गरज आहे. बारदान्याचं जुनं पोतं लाकडी खांबाला घट्ट गुंडाळा, उंची इतकी असू द्या की ती पूर्ण ताणून उभी राहील, आणि तो सोफ्याजवळच ठेवा. पहाटे उठवणाऱ्या मांजरीला रात्री झोपण्याआधी दमेपर्यंत खेळवा, मग खायला द्या.

रात्री मांजर रडली की आपल्याकडे अपशकुन मानतात, दगड मारतात. तरुण मांजरीचं ते ओरडणं माजाचं असतं. दिवस मोठे होऊ लागले की ती वरचेवर माजावर येते, पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. ‘एकदा तरी पिलं होऊ द्या’ या समजुतीला आधार नाही, पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी करून घ्या. म्हातारी मांजर नव्याने ओरडू लागली असेल तर तिचं थायरॉईड, रक्तदाब, मूत्रपिंड आणि ऐकू येणं तपासायला हवं.

शेवटचं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सवय सुटत नाही म्हणून लोक मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतात. घरात वाढलेली मांजर तिथे उपाशी मरते, कुत्र्यांच्या तोंडी जाते किंवा शेतातल्या विषारी गोळ्यांनी मेलेला उंदीर खाऊन मरते. पाळलेल्या जनावराला भूक-तहानेने हाल होतील असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ज्या तालुक्यातल्या दापुऱ्याला गाडगेबाबांचं बालपण गेलं, त्या तालुक्यातली आपण माणसं. मुक्या प्राण्यांना अभय हे त्यांच्या दशसूत्रीतच आहे. सांभाळणं खरोखरच होत नसेल तर नसबंदी आणि लस करून तिला दुसरं चांगलं घर शोधा, आम्हीही मदत करू. पण पोतं हातात घेण्याआधी एकदा तिला दवाखान्यात आणा.