मामाच्या अर्ध्या बोटाचे कानमंत्र

भाचेबुवा, पॉवर प्रेसवर लागतोयस म्हणे. माझी आखूड तर्जनी लहानपणी तू रोज मोजून बघायचास. त्या गेलेल्या पेराने शिकवलेलं सांगतो.

१. भरतीच्या तपासणीत जुनी दुखापत सांग आणि लिहून घ्यायला लाव – माझं मधलं बोट गुऱ्हाळात वाकडं झालेलं, ते मी मुठीत लपवलं. पुढे प्रेसखाली पेर गेलं तेव्हा साहेब म्हणाले, ‘हात आधीचाच अधू दिसतोय!’ झाकल्या बोटाला साक्षीदार नसतो, बाबा.

२. जुने एक्स-रे टाकू नकोस – जुनं किती, नवं किती, हे तेच सांगतात. माझ्या एक्स-रेतून तुझ्या मामीने सूर्यग्रहण पाहिलं!

३. बरा होऊन कामावर परतलास की फिटनेस सर्टिफिकेट घे, ओव्हरटाइमच्या स्लिपा जपून ठेव – अपघाताच्या घटकेला तुला कोणती कामं जमत होती, त्यावरून नुकसान मोजतात. आधीपासून एकाच डोळ्यावर काम करणाऱ्याचा तोही डोळा गेला, तर त्याचं सगळं कामच गेलं. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेल्या तक्त्यात एका डोळ्याची नजर जाण्याला कमाईच्या ताकदीतली ३० टक्के घट धरली आहे खरी, पण ‘दुसरा डोळा चांगला असेल तर’ ही अट तिथेच लिहिली आहे.

४. टक्क्यांची बेरीज कोणी घाईने करून दाखवली तर मान डोलावू नकोस – त्याच तक्त्यात एका हाताची दोन बोटं २० टक्के, पण चार बोटं ५०. उरलेली दोन महाग असतात, हे वकिलाला दाखव.

५. डॉक्टरांना तुझं काम नीट सांग, हवं तर हातवारे करून – डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या एका सुताराला सुप्रीम कोर्टाने १९७५ साली पूर्ण अपंगत्व दिलं, कारण एका हाताने सुतारकी होत नाही.

६. अपघाताची नोंद त्याच पाळीत. नोंदीत डावा हात की उजवा, ते तपासून सही – मी तिसऱ्या दिवशी गेलो, तोवर मुकादमाला काही आठवेना.

७. मालकाकडे भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत. पगारातून ईएसआय कापत असतील तर तिकडेच जा – दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत.

८. कागदांना माझी पत्र्याची पेटी ने. माळ्यावर आहे, किल्ली मामीकडे – आत तिचे पापड असतील, ते आधी काढ.