धन : चाकर कीं धनी?

मुखपाठ : मत्तय ६:२४. वाचन : लूक १२:१३–२१, मार्क १२:४१–४४.



वैशाखांत आमच्या मुलचेरा भागांतील जंगलांत तेंदूपानांचा हंगाम येतो. पहांटे उठून बायकापुरुष पानें तोडितात, दुपारीं सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधितात, आणि सायंकाळीं फळीवर नेऊन मोजून देतात. एरवीं ज्या घरांत रोकड क्वचितच दिसते, तेथें या दिवसांत पैसा येतो. हा पैसा घामाचा आहे. तो घेण्यांत लाज नाहीं. आजचा प्रश्न एवढाच कीं, तो हातीं आल्यावर आपण कोणाचे चाकर राहतों?

१. धन हें पाप नव्हे. पौलानें तीमथ्यास लिहितांना (१ तीम. ६:१०) दोष पैशास दिला नाहीं, त्याच्या लोभास दिला. अब्राहामाजवळ गुरेंढोरें व सोनेंरुपें होतें, तरी तो देवाचा मित्र म्हणविला गेला. उलट, ज्याच्या हातीं दमडी नाहीं त्याचेंही मन शेजाऱ्याच्या कणगीकडे लागलेलें असूं शकतें. यास्तव हा पाठ केवळ सावकारासाठीं आहे असें कोणीं समजूं नये.

२. मूर्ख श्रीमंताची चूक. पीक उत्तम आलें, ही त्याची चूक नव्हती. कोठारें बांधण्याचा बेत करितांना तो आपल्या जिवाशींच बोलला. देवास विचारलें नाहीं, भुकेल्या शेजाऱ्याची आठवण केली नाहीं. त्याच रात्रीं जीव परत मागितला गेला.

३. जवळचें उदाहरण. शारदा सदनास उत्पन्न व्हावें म्हणून पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें जमीन घेऊन फळझाडें लाविलीं. इतक्यांत १८९६–९७ चा दुष्काळ पडला. आपला चांदा मुलूख तेव्हां ज्या मध्यप्रांतांत मोडत असे, त्या प्रांतांत बाई स्वतः गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या शेंकडों मुलींस घेऊन आल्या. उत्पन्नाची जमीन त्यांचें आश्रयस्थान झाली, व ‘मुक्ति’ या नांवानें तें कार्य आजही चालू आहे. जमीन तीच राहिली. तिचा धनी कोण हें मात्र त्या दुष्काळांत उघड झालें.

४. माझी स्वतःची चूक. एका हंगामानंतर एका बंधूनें अर्पणांत मोठी नोट ठेविली, आणि मीं सभेसमोर त्याची वाखाणणी केली. पुढले दोन रविवार एक विधवा म्हातारी उपासनेस आली नाहीं. चौकशीस गेलों तेव्हां ती म्हणाली, “पाळकसाहेब, मोहफुलें विकून आलेले दहा रुपये त्या दिवशीं मीं ठेविले. आतां ठेवावयास कांहीं नाहीं. रित्या हातानें कशी येऊं?” माझ्या जिभेनें देवाच्या घराच्या दारावर किंमत लिहिली होती! मीं तिची क्षमा मागितली, व पुढल्या रविवारीं सभेचीही मागितली.

उपदेशक बंधूंनो, अर्पणाचे आंकडे सभेंत नांवानिशीं वाचूं नका. आणि आपण सर्वांनीं फळीचा पैसा घरीं आला कीं प्रथम गुडघे टेकावे, देवाचा भाग वेगळा ठेवावा, देणें फेडावें, व ज्या घरीं आजारामुळें कोणी पानें तोडूं शकलें नाहीं तेथें शिधा पोंचवावा. असें केलें म्हणजे धन चाकर राहील, आणि धनी एकच असेल.

प्रश्न : (१) मूर्ख श्रीमंत कोणाशीं बोलावयास विसरला? (२) विधवेच्या दोन टोल्या प्रभूनें अधिक कां मानिल्या? (३) गेल्या हंगामाच्या पैशांतून देवाचा भाग आपण प्रथम काढिला कीं शेवटीं?